चंद्रीला सांगितलेलं

भिकाजीच्या घरात बोलणारी माणसं दोन आणि ऐकणारी म्हैस एक. म्हैस नसती तर ते घर मुकंच झालं असतं.

सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेने सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही कातळवाडीची रीत. रीत कुणी घालून दिली ते ठाऊक नाही, पण ज्याने घातली त्याच्या घरात सासू जिवंत असणार. भिकाजीची यमुना होती तोवर निरोप तिच्या तोंडून ये-जा करत आणि वाटेत जरा तिखट होत, एवढंच. ती दोन पावसाळ्यांमागे काविळीने गेली. मुलगा महिपत लोट्याला रसायनांच्या कंपनीत पाळीवर. सुट्टी मिळाली की एसटीत हाडं खिळखिळी करून यायचा, झोपायचा आणि उठून जायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तर भिकाजीला लेकही नव्हती. मग त्याने ते काम चंद्रीकडे सोपवलं.

"चंद्रे," गोठ्याच्या दाराशी उभा राहून तो म्हणे, "आज पिठीत मीठ दोनदा पडलं वाटतं."

आतून सुनेचं, सगुणाचं उत्तर येई, तेही चंद्रीलाच. "चंद्रे, एकदाच पडलंय म्हणून सांग. तंबाखूने तोंडाची चव गेली असेल."

चंद्री रवंथ करी. दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन कुणाचाच पक्ष न घेणारं असं जनावर अख्ख्या ग्रामपंचायतीत नव्हतं.

गणपती पाण्यात गेले, भात पोटरीला आलं, आणि उपकेंद्राची नर्सबाई दमयंती वाडीत आली. ती वेळणेश्वराकडची. लाटांच्या वरताण बोलायची सवय लहानपणीच लागलेली, ती डोंगरात येऊनही सुटली नव्हती. तिने पोटुशी सगुणाला अंगणात उजेडाला बसवलं. डोळ्याची खालची पापणी ओढली, जीभ बघितली, नखं दाबली, बोटाला टोचून थेंबभर रक्त नळीत घेतलं आणि रंग ताडून पाहिला. मग नळी धुता धुता म्हणाली, "घरात बाईमाणूस कोण?"

भिकाजी पडवीत विळ्याला धार लावत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "म्हैस हाय."

"आजोबा, मी मस्करी करत नाय."

"मी पण नाय."

दमयंतीने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि तिथंच पायरीवर बसली. "मग तुम्हीच ऐका. हिच्या अंगात रक्त निम्मं आहे. पहिल्या खेपेला काय झालं होतं?"

सगुणा पायातल्या जोडव्याकडे बघत राहिली. भिकाजीने धारेच्या दगडाला सांगितलं, "माहेरी झालं. मेलेलंच झालं. मग हिच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेना. कशीबशी वाचली."

"या खेपेला माहेरी नाय?"

"भावजय पण त्याच दिवसांत हाय. एका छपराखाली दोन बाळंतिणी नकोत म्हणतात."

"बरं. तर बाळंतपणात रक्त जायचं ते जातंच. आणि पुन्हा तसं अंगावरून गेलं, तर हिच्याकडे जायला रक्तच नाय. कळलं? घरी बाळंतपण करायचं नाय. राजापूरच्या दवाखान्यात न्यायचं, आणि दुखायला लागायच्या आधी न्यायचं. तोवर ही गोळी रोज. नाचणी, कडधान्य, पालेभाजी. मासे खायला घाला. काळीज मिळालं तर फारच चांगलं."

काळीज म्हटल्याबरोबर भिकाजीचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला.

ती माळ त्याने मुंबईत घातली होती, गिरणीत माग चालवायच्या साचाखात्यातल्या भजनी मंडळाच्या नादाने. पुढे संप झाला, गिरणी सुटली, साचे सुटले, खोली सुटली. माळ तेवढी गावी आली. घालताना त्याने कुणाला विचारलं नव्हतं, आणि घरात मासळी शिजायची बंद झाली तेही कुणी ठरवलं नव्हतं. माळकऱ्याच्या चुलीवर मासळी बरी दिसत नाही, म्हणून ते आपोआपच झालं. माळ भिकाजीने घातली आणि मासे सुनेचे सुटले. हे त्या दिवसापर्यंत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आलं, ते जाईना.

तीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस. त्याने सुनेचं रक्त हातात घेतलं ते साच्याची पाळी घ्यावी तसं. सकाळी म्हशीची धार काढली की तो गुळाचा कोरा चहा उकळायचा, कपात ओतायचा, बशीत लाल गोळी ठेवायचा, आणि कप-बशी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर ठेवून दोनदा खाकरायचा.

"चंद्रे, गोळी ठेवलीय. गरम चहाबरोबर झटकन उतरते."

थोड्या वेळाने बघावं तर कप रिकामा, बशी रिकामी. भिकाजी मुकादमासारखी मान हलवायचा.

शेवग्याचा पाला त्याने स्वतः चढून काढला. खाली उतरताना फांदी मोडली आणि धोतर फाटलं. नाचणी दळून आणली. सुकट विकणारी बाई आली तेव्हा तिला पहिल्यांदाच अंगणात बोलावलं. तिला वाटलं, म्हातारा दुसऱ्याच कुणाला हाक मारतोय. पण काळीज वाडीत मिळत नाही, त्याला बाजार लागतो. बाजाराच्या दिवशी तो राजापुरात मटणवाल्याच्या फळीसमोर जाऊन उभा राहिला. माळ सदऱ्याच्या आत सारली होती, पण सदऱ्याला गळ्याशी गुंडीच नव्हती.

"भिकाजी? तू?" मागून आवाज आला. वाडीतला रावजी. हा अशा वेळी असायचाच.

"सुनेला लागतं."

"सुनेला! अरे लागू दे की. आमी काय नाय म्हणतोय?" रावजी मटणवाल्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, सुनेला जरा चांगलं बघून दे. सुनेला दात कमी हायत."

मटणवाला हसला. काळजाची पुडी बांधून देताना त्याने वर केळीचं पान जास्तीचं लावलं, देवाच्या माणसाला रक्त लागू नये म्हणून. भिकाजीला ते पान हसण्याहून जास्त लागलं. रावजीला आधीची एसटी मिळाली. त्यामुळे पुडी घरी पोचायच्या आत बातमी वाडीत पोचली होती. पुढच्या एकादशीला देवळात भिकाजीच्या हातातल्या झांजा न बोलता रावजीकडे गेल्या. रावजीचा ताल असा, की देवाने पुरती मान वळवून बघावं.

काळीज शिजवलं भिकाजीनेच, अंगणात तीन धोंड्यांवर, नाकाला पंचा बांधून. सगुणा दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने सोसलं.

"चंद्रे, हळद घातलीच नाय म्हणून सांग."

"कुठं ठेवलीय विचार."

"फळीवर. डाव्या हाताला. आणि आता ढवळू नको म्हणावं. चिंध्या होतात."

ती जेवली. कसं लागलं ते चंद्रीला सांगितलं नाही, पण ताट असं पुसलं होतं की घासायची गरज पडू नये.

तरीही सुनेचा रंग चढेना. भात पिकून पिवळं झालं आणि तिचं तोंड त्याहून पिवळं. विहिरीवरून अर्धी कळशी आणताना पायरीवर थांबायची, खांबाला धरायची, आणि तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली व्हायची. कापणीला माणूस मिळेना. वाडीतले बाप्ये मुंबईत आणि बायका आपापल्या भाताच्या कुणग्यात. भिकाजी एकटाच ओणवा होऊन कापत राही. दुपारनंतर कंबर सरळ व्हायला इतका वेळ घ्यायची, की तोवर सूर्य हातभर सरकलेला असे. एक दिवस बघतो तर सगुणा विळा घेऊन बांधावर उभी. चंद्री तिथंच चरत होती, हे बरं.

"चंद्रे, पोटुशी बाईने ओणवं राहू नये म्हणून सांग."

"चंद्रे, भात थांबणार हाय का विचार. उद्या झडलं तर काय खायचं ते पण विचार."

चंद्रीने दोघांचंही ऐकलं. सगुणाने दोन ओळी कापल्या आणि तिथंच बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. भिकाजीने पाण्याचा तांब्या तिच्यापासून चार हातांवर ठेवला आणि पाठ वळवून उभा राहिला. त्याहून जास्त काय करायचं ते रीतीत नव्हतं.

घरात आणखी एक उपद्रव सुरू झाला होता. चुलीचा एक कोपरा रोज थोडा थोडा झिजत होता. भाजलेली लाल माती कुणीतरी कुरतडल्यासारखी. घूस असणार म्हणून भिकाजीने पिंजरा लावला, आत सुक्या खोबऱ्याचा तुकडा. खोबरं तसंच राहिलं आणि चूल झिजत राहिली. असली घूस त्याने जन्मात पाहिली नव्हती.

दसऱ्यानंतर दमयंती पुन्हा आली. पापणी ओढली, थेंब घेतला, नळी उजेडात धरली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"कमी झालंय! वाढायचं सोडून कमी? गोळ्या घेतेस ना गो?"

सगुणाने मान हलवली. भिकाजी बाटली घेऊनच आला. "ही बघा, संपली. माझ्या हाताने ठेवतो. एक दिवस खाडा नाय."

दमयंतीने बाटली पाहिली, सगुणाकडे पाहिलं, आणि दोन घरांपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "परसाकडला काळं होतं का?"

भिकाजीला एकाएकी खळ्यावरची भाताच्या भाऱ्यांची उडवी आठवली. तो उठला.

"आजोबा, बसा! पळायचं नाय." तो बसला. "सांग गो. गोळी पोटात गेली की काळं होतंच. होत नसेल तर गोळी पोटात जात नाय. होतं का?"

सगुणा पायाच्या अंगठ्याने सारवण उकरत राहिली. मग बोलली, सवयीने गोठ्याकडे तोंड करून.

"आधी व्हायचं. डांबरासारखं." ती थांबली. "पहिल्या खेपेला पण असंच. काळं पाणी गेलं अंगावरून, आणि मग पोर मेलेलं झालं. मला वाटलं, हे पण आत... आतल्या आत गेलं. म्हणून गोळी थांबवली. तर काळं बंद झालं. मग म्हटलं, गोळीच मारत होती त्याला."

दमयंतीने नळी खाली ठेवली.

"अगो, मग कुणाला बोलायचं नाय?"

"बोलले की. चंद्रीला सांगितलं. दोनदा सांगितलं." तिने पदर आणखी पुढे ओढला. "मामा तेव्हा गोठ्यात नव्हते."

मग सगुणा हळूच आत गेली आणि चुलीमागच्या फटीतून फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. गोळ्या ओल लागून एकमेकींना चिकटल्या होत्या. फेकल्या नव्हत्या. सरकारी वस्तू फेकायची कशी, म्हणून.

"आणि हे काय?" दमयंतीने तिचा हात धरला. नखांत लाल माती. "माती खातेस?"

"भाजकी. चुलीची. गोड लागते."

भिकाजी उठला, चुलीजवळचा पिंजरा उचलून आणला, त्यातलं खोबरं कोंबड्यांना टाकलं आणि पिंजरा खुंटीला टांगून पुन्हा जागेवर येऊन बसला.

"रक्त कमी झालं की लागते तशी वासना," दमयंती म्हणाली. "आता नीट ऐक. परसाकडला काळं होणं हा गोळीचा रंग आहे. पोराचा त्याच्याशी काही संबंध नाय. पोर हे बघ कसं ढुसण्या देतंय, माझ्या हाताला लागतंय. आजपासून दोन गोळ्या. कशाबरोबर घेत होतीस?"

"चहाबरोबर," भिकाजी अभिमानाने म्हणाला. "कोरा. कडक."

"कोरा चहा! आजोबा, चहाबरोबर गोळी लागूच पडत नाय. जेवढ्या गिळल्यान तेवढ्या पण फुकट गेल्या. आवळा नाय तर कोकमाचं पाणी द्या बरोबर. चहा नंतर, बऱ्याच वेळाने." ती पिशवी खांद्याला लावत उठली. "आणि रोज सकाळी तिला विचारायचं, काळं झालं का. तुम्ही विचारायचं. तिने सांगायचं. मध्ये म्हैस नको."

ती उतरणीवरून दिसेनाशी झाली तरी दोघं तिथंच बसून होती, एक पायरीवर, एक दाराशी.

दुसऱ्या दिवशी भिकाजी नेहमीच्या आधी उठला. धार काढली. कोकमं भिजत घातली. अंगण झाडलं, जे त्याचं काम नव्हतं. गिरणीच्या साहेबाला भर खात्यात 'चालते व्हा' म्हणालेला माणूस, पण त्या सकाळी त्याने झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं. सगुणा परसातून आली, पाय धुतले. भिकाजी खांबाला धरून उभा राहिला. चंद्रीकडे बघायचा मोह आवरला.

"सगुणा."

तिच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. या घरात आल्यापासून तिचं नाव त्याच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं.

"झालं का?"

"काय?"

"ते... काळं."

तिने पदर तोंडावर घेतला.

"नाय अजून."

"बरं."

आणि तो विळा न घेताच कापणीला गेला.

चौथ्या दिवशी 'झालं' असं उत्तर आलं, तेव्हा भिकाजीने "वा!" म्हटलं. म्हटल्यावर त्याचा त्यालाच इतका संकोच झाला, की दुपारचं जेवण त्याने खळ्यावरच मागवलं असतं, पण मागवायचं कुणाकरवी? आठवडाभराने तो प्रश्न 'पाऊस पडेल का' इतका साधा झाला. आणि एकदा ते भोक पडल्यावर त्यातून बाकीचंही येऊ लागलं. पाय सुजतात. उजव्या कुशीवर झोप लागत नाही. पोर पहाटेचं लाथा मारतं. एका सकाळी कोकमाच्या पाण्याबरोबर गोळी गिळून ती म्हणाली, "मामा, मला मरायची भीती वाटते."

भिकाजी दोरी वळत होता. त्याला धीर देता आला असता. तसे शब्द त्याला भजनातले पुष्कळ पाठ होते.

"मला पण वाटते," तो म्हणाला. "तुझ्या मरणाची." आणि दोरी वळत राहिला.

चंद्रीला काम उरलं नव्हतं. ती दूध मात्र पहिल्याइतकंच देत होती.

आता राहिली सुईण गंगुबाई. वाडीतली यच्चयावत डोकी हिच्या हातावर आलेली. तिला डावलून सून दवाखान्यात न्यायची हे तिच्या तोंडावर सांगणं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा. पण दवाखान्यात बायकांच्या खोलीत बसायला बाई हवी, आणि भिकाजीकडे दुसरी बाई नव्हती. तो तिच्या ओटीवर जाऊन उकिडवा बसला.

"आलास?" गंगुबाई पान कुटत होती. "नर्सबाय काय बोलली ते मला हितंवर ऐकू आलं. तुझी सून कसली हगते ते पण ऐकू आलं. आता माझी गरज लागली?"

"राजापूरला सोबत चल, गंगू."

"माझ्या हातावर तुझा महिपत आला. पायाळू. दोन दिवस यमुनी कण्हत होती. मेल्या, तेव्हा तू कुठं होतास?"

"गिरणीत."

"गिरणीत! पोर झाल्याची तार गेली तेव्हा पेढे वाटलेस म्हणे." तिने खल बाजूला ठेवला. "यमुनीला किती रक्त गेलं होतं ठाऊक हाय तुला? ती कधी बोलली?"

"नाय."

"कशी बोलेल? तू शिमग्याला आलास." गंगुबाईने खल पुन्हा पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "त्या नर्सबायला सांग, मी शिकायला येत नाय. बघायला येतंय. आणि गाडीत मला खिडकी पायजे."

दिवाळी झाली. भिकाजीने यमुनेची जुनी लुगडी ट्रंकेतून काढली, फाडली, सोडा घालून मोठ्या हंड्यात उकळली आणि कडक उन्हात कातळावर वाळत घातली. बाळंतिणीला धडुती लागतात. मऊ झालेलं सुती कापड फाडताना फार आवाज करत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. डिंक, खोबरं, शेपा महिपत मागच्या खेपेला ठेवून गेला होता. खुर्चीला बांबू बांधून डोली तयार होती. सोमवारी निघायचं आणि दवाखान्याजवळ गंगुबाईच्या भाचीकडे राहायचं ठरलं. तोवर मळणी उरकून घेऊ, एवढाच लोभ भिकाजीने केला.

पोराला सोमवार कुणी सांगितला नव्हता. शनिवारी सकाळी अर्धी उडवी झोडून झाली होती, भात खळ्यावर मोकळं पडलं होतं, आणि सगुणा दाराशी येऊन उभी राहिली. तिने पोटाखाली हात धरला होता.

"मामा, पाणमोट फुटली." आणि त्याने विचारायच्या आत म्हणाली, "काळं नाय. पाण्यासारखंच हाय."

भिकाजीच्या हातातला भारा गळाला. डोलीला चार खांदे लागतात. वाडीत त्या सकाळी होते ते असे: भिकाजी, दम्याचा हरिश्चंद्र, एका कानाने बहिरा लवू, आणि रावजी. रावजीला बोलावणं धाडायची गरज पडली नाही, तो बघायलाच आला होता. बघून झाल्यावर त्याने न बोलता पुढचा बांबू उचलला. उतरण सगळी जांभ्याची, पाय घसरायचा. हरिश्चंद्राची धाप सगुणाच्या कळेहून मोठी ऐकू येत होती. दर वळणावर डोली टेकवावी लागे, आणि गंगुबाई मागून ओरडे, "अरे, मयत नाय नेत! हळू!"

सडकेवर आल्यावर रावजीने लोट्याच्या बाजूला जाणारी एसटी आडवा होऊन थांबवली आणि ड्रायव्हरकडे महिपतसाठी निरोप दिला. राजापूरची मिळाली ती खचाखच भरलेली. कंडक्टरने पुढचं बाकडं रिकामं करून घेतलं. सगुणा आडवी झाली आणि गंगुबाईला खिडकी मिळाली.

दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्याने रक्त तपासलं, नर्सबाईचा कागद बघितला आणि म्हणाला, "आठ. कमीच आहे, पण दसऱ्याला होतं त्यावर काही झालं नसतं. बघू. जास्त गेलं तर रत्नागिरीला हलवावं लागेल. जीप तयार ठेवतो." दार मिटलं.

भिकाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. खांदा सोलवटला होता, पायात जांभ्याची कच रुतली होती. आतून सगुणाचं ओरडणं येई, मग थांबे. थांबलं की त्याला जास्त भीती वाटे. घरी खळ्यावर भात उघडं होतं, कोंबड्या, पाखरं, वाडीतली सगळी गुरं त्यात शिरली असतील. वर्षाचं धान्य. हे त्याला दिसत होतं, पण दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

उन्हं कलली तेव्हा गंगुबाई दार उघडून बाहेर आली. हात कोपरापर्यंत ओले.

"सुटली."

"आणि रक्त?"

"जातंय." आणि ती परत आत गेली.

एक नर्स धावत बाटली घेऊन आत गेली. डॉक्टरने बाहेर डोकं काढून ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरने बिडी टाकली, जीप दाराशी आणून लावली आणि चालू ठेवली. इंजिन घरघरत राहिलं. ते पत्र्यात घुमे, भिंतीतून भिकाजीच्या पाठीत उतरे. तो त्या आवाजाकडेच बघत बसला. दार उघडलं की स्ट्रेचर येईल. दार उघडेना. ड्रायव्हरने एकदा उतरून टायरला लाथ मारून बघितली, पुन्हा चढून बसला. भिकाजीला देवाचं नाव घ्यायचं होतं, पण नाव आठवेना, नुसती घरघर.

मग गंगुबाई पुन्हा आली. या वेळी दाराच्या चौकटीला टेकली, आणि तिचं वय एकदम दिसलं.

"थांबलं," ती म्हणाली. "पोटावर हात दाबून दाबून माझी बोटं मोडली. त्या पोरग्या डॉक्टरने सुई दिलान. थांबलं रे."

मागून डॉक्टरने ड्रायव्हरला हाताने खूण केली. जीप बंद झाली.

तेवढ्यात फाटकातून महिपत पळत आला. कंपनीच्याच कपड्यांत, अंगाला तो रसायनाचा उग्र वास, डोळे लाल.

"बाबा! काय झालं?"

"थांबलं," भिकाजी म्हणाला. "आठ होतं आल्यावर. बरंच गेलं, पण थांबलं. सुई दिलीय. जीप लावली होती, ती लागली नाय. आता गोळ्या आणखी काही महिने घ्यायच्या, आणि चहाबरोबर घ्यायच्या नाय, तिला ठाऊक हाय, पण तू लक्ष ठेव. पाय अजून सुजलेलेच—"

"अहो बाबा, पण मुलगा की मुलगी?"

भिकाजीने मग गंगुबाईकडे बघितलं, अपराधी माणसासारखं.

"ते विचारायचं राहिलं."

"जगलं का ते तरी विचारलंस?" गंगुबाई कडाडली. "केव्हाचं गळा काढून रडतंय, ते कानात शिरत नाय?"

भिकाजीने कान दिला. खरंच, रडणं चालू होतं. चांगलं खणखणीत, मध्येच दम घेऊन पुन्हा सुरू होणारं, बराच वेळ चालल्यासारखं. त्याने आतापर्यंत फक्त जीपचं इंजिन ऐकलं होतं.